आकडा जुळेपर्यंत

मराठीतला 'भूल' हा शब्द मोठा गमतीचा आहे. रानात वाट चुकली की भूल पडली म्हणतात. हिशेबाच्या कागदाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं लिहितात. आणि ऑपरेशनच्या टेबलावर तीच भूल रीतसर दिली जाते, ती देणारे खास डॉक्टर असतात. एकदा ती चढली की पुढचे दोन-तीन तास माणसाच्या आयुष्यातून पुसले जातात. शुद्धीवर येतो तेव्हा तो वॉर्डातल्या खाटेवर असतो, उशाशी बायको किंवा मुलगा. संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंडला येतात, त्यांचा चेहरा लक्षात राहतो. वॉर्डातल्या सिस्टर पाच-सात दिवसांत घरच्यासारख्या होतात. घरी जाताना पेढे वाटले जातात ते या सगळ्यांना.

मधल्या त्या पुसल्या गेलेल्या तासांत जी बाई त्याच्या उघड्या पोटापासून हातभर अंतरावर उभी होती, तिला मात्र तो ओळखत नाही. टेबलावर घेतलं तेव्हा त्यानं तिचे फक्त डोळे पाहिलेले असतात, टोपी आणि मास्कच्या मधले. उद्या ती कापड बाजारात त्याच्या शेजारी उभी राहून साडीचा भाव करत असली तरी त्याला पत्ता लागणार नाही. थिएटरमधल्या या सिस्टरांविषयी आज थोडं बोलायचं आहे. ब्रदरही आता बरेच आहेत या कामात, पण आपल्याकडे अजून बायकाच जास्त, म्हणून मी सिस्टरच म्हणतो.

आपल्या नगरला, म्हणजे २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर झालेल्या या जिल्ह्याला, सिस्टर हा शब्द नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक इथे १८३१ साली आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनी नगरमध्ये बायका-मुलांसाठी रुग्णालय चालवलं. ते पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेलं. तेच आजचं इव्हॅन्जलिन बूथ हॉस्पिटल. नगरकर नुसतं 'बूथ' म्हणतात. ज्या काळात चांगल्या घरची म्हणवणारी माणसं मुलीला परक्याची मलमूत्र काढायला पाठवत नव्हती, त्या काळात मिशनच्या शाळांतून शिकलेल्या ख्रिस्ती मुली या कामात शिरल्या. इतरांच्या मुली नंतर आल्या. १९७० च्या दशकात लोणीला प्रवरा मेडिकल ट्रस्टचं रुग्णालय उभं राहिलं, मग विळद घाटात मोठं कॉलेज झालं, नर्सिंगच्या शाळा तालुक्या-तालुक्यांत निघाल्या. आता नगरमधल्या माणसाच्या शेजारात किंवा सोयऱ्यांत एखादी तरी सिस्टर असतेच. माझ्याही आहेत. आजचं बरंचसं बोलणं त्यांच्याकडून ऐकलेलं आहे, थोडं वाचलेलं, आणि थोडं टेबलावर पडून अनुभवलेलं.

सरकारी भाषेत या बायकांना अधिपरिचारिका म्हणतात, त्यांच्यावर परिसेविका, सगळ्यांच्या वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. शब्द भारदस्त आहेत, पण थिएटरात कुणी वापरत नाही. तिथली भाषा वेगळीच. ऑपरेशनला 'केस' म्हणतात, थिएटरला 'ओटी'. वॉर्डबॉय 'मामा' आणि आया 'मावशी', मग त्या पंचविशीच्या का असेनात. रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याला नुसतं 'आर्टरी', आणि बाकीचे चिमटे ते ज्यांनी शोधले त्यांच्या नावानं: ॲलिस, बॅबकॉक, कोचर. शे-दीडशे वर्षांपूर्वीचे हे साहेबलोक रोज सकाळी नगर-संगमनेरच्या टेबलांवर ओळीनं मांडले जातात.

दिवस सुरू होतो आदल्या संध्याकाळी. उद्याच्या ऑपरेशनांची यादी लागते, कोणाचं, कसलं, कोणत्या बाजूचं. 'उजवा हर्निया' आणि 'डावा हर्निया' यांतला फरक आपल्याला एका शब्दाचा वाटतो. पेशंटला तो चांगलाच कळतो. सकाळी साडेसात-आठला सिस्टर येते. दाराशी एक रेघ असते, तिच्यापलीकडे बाहेरची चप्पल चालत नाही, बाहेरची साडी, ड्रेसही नाही. आत गेल्यावर पहिलं काम फडक्याचं. औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं टेबल, ट्रॉल्या, वरचा मोठा दिवा, सगळं पुसायचं. कोरडं झटकायचं नाही, धूळ उडते. मग ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, सक्शन ओढतं का, कॉटरी चालते का, जनरेटर उचलतो का. लोडशेडिंगच्या दिवसांत ऑपरेशन चालू असताना वीज गेल्याच्या आणि मामांनी बॅटरी धरून उभं राहिल्याच्या गोष्टी जुन्या सिस्टर अजून रंगवून सांगतात. रंगवून सांगतात, कारण त्या वेळी बोलायला सवड नव्हती.

या सगळ्यात ज्याच्यावर इमारत उभी आहे ते यंत्र म्हणजे ऑटोक्लेव्ह. ते समजून घ्यायला आपल्या स्वयंपाकघरात जावं लागेल. पाणी उघड्या भांड्यात शंभर अंशांवर उकळतं, कितीही जाळ लावा, त्याच्या वर जात नाही. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की तापमान चढतं. आपल्या कुकरची शिट्टी उचलते ती साधारण पंधरा पौंडाच्या दाबाला, आणि आत जवळपास १२० अंश होतात. ऑटोक्लेव्हही तेवढ्याच दाबाचा, १२१ अंशांचा. नुसत्या उकळण्यानं न मरणारे काही चिवट जंतू असतात, त्यांचे बीजाणू या वाफेत पंधरा-वीस मिनिटांत मरतात. १८७९ साली फ्रान्समध्ये पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी हे यंत्र केलं.

पण कुकरसारखाच याचाही स्वभाव आहे. डाळ गच्च भरली तर मधली कच्ची राहते. स्टीलच्या डब्यात, त्याला 'ड्रम' म्हणतात, कपडे दाबून भरले तर वाफ मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. म्हणून ड्रमच्या बाजूला भोकांची पट्टी असते. आत ठेवताना ती उघडायची, बाहेर काढताना लगेच बंद करायची. बाहेर काढताना बंद करायची राहिली, तर एवढा वेळ शिजवलेलं सगळं पुन्हा कच्चं. ड्रमवर एक चिकटपट्टी लावतात, तिच्यावरच्या फिकट रेघा वाफ लागली की काळ्या होतात. तरी अनुभवी सिस्टर फक्त रेघांवर विसंबत नाही. रेघ एवढंच सांगते की इथपर्यंत उष्णता आली. आत जंतू मेले का, हे पाहायला बीजाणूंची वेगळी चाचणी अधूनमधून करावी लागते. ड्रमवर तारीख आणि सही असते. कपडा ओला निघाला तर तो बाद, कारण ओल्या कापडातून जंतू आरपार जातात. बाहेर पेशंट खोळंबलेला आणि डॉक्टर घड्याळ बघत असताना 'हा ड्रम चालणार नाही' असं म्हणायचं, ही थिएटरच्या नोकरीतली पहिली परीक्षा.

मग हात धुणं. यालाच 'स्क्रब होणं' म्हणतात. नखं, बोटांच्या बेचक्या, तळवा, मनगट आणि पुढे कोपरापर्यंत. वजूची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे वर्णन ऐकताना घरचंच वाटलं. बोटांकडून कोपराकडे जायचं, तेही तसंच. पण इथे तीन ते पाच मिनिटं चोळायचं असतं, आणि सगळा वेळ बोटं वर, कोपर खाली, म्हणजे पाणी स्वच्छ भागाकडून खाली वाहून जाईल. नळ कोपरानं बंद. त्यानंतर गाऊन, मग मोजे, म्हणजे ग्लोव्हज. त्यांचेही चपलांसारखे नंबर असतात, साडेसहा, सात, साडेसात. कोणत्या सर्जनला कोणता नंबर हे सिस्टरला पाठ असतं. एकदा मोजे चढले की हात कमरेखाली जाऊ द्यायचे नाहीत. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. चष्मा घसरला तर दुसऱ्यानं वर सरकवायचा.

या रबरी मोज्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८८९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हे मोठं रुग्णालय सुरू झालं. तिथे विल्यम हॅलस्टेड नावाचे नामांकित सर्जन होते आणि त्यांच्या थिएटरात कॅरोलिन हॅम्प्टन ही नर्स होती. त्या वेळी जंतू मारायला हात पाऱ्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवत. तिच्या हातांची साल निघाली, फोड आले, आणि ती काम सोडायच्या बेतात आली. हॅलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीला सांगून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. १८९० साली त्या दोघांचं लग्न झालं. मोजे नर्सचे हात वाचवण्यासाठी आले होते. पेशंटलाही त्यांचा उपयोग होतो, जखमा कमी चिघळतात, हे काही वर्षांनी ध्यानात आलं आणि मग सगळेच घालू लागले.

ऑपरेशन चालू झालं की दोन सिस्टर लागतात. एक हात धुतलेली, टेबलाशी उभी, तिला स्क्रब सिस्टर म्हणतात. दुसरी न धुतलेली, मोकळी फिरणारी, ती फ्लोअर सिस्टर. धुतलेली कपाटाला हात लावू शकत नाही आणि न धुतलेली टेबलाला. म्हणून एकीला जे हवं ते दुसरीनं पुडकं उघडून, आतल्या वस्तूला बोट न लावता, तिच्या ट्रॉलीवर सोडायचं. सर्जनची नजर जखमेवर असते. तो मान वर न करता हात पुढे करतो, आणि हत्यार मूठ पुढे अशा बेतानं त्याच्या तळव्यावर बसलं पाहिजे. सुई चिमट्यात मधोमध नाही, टोकापासून दोन भाग सोडून तिसऱ्यावर धरायची. डावखुरा सर्जन असेल तर उलटी. चाकू हातात द्यायचा नाही, ट्रेमध्ये ठेवून ट्रे पुढे करायचा, म्हणजे कुणाला कापत नाही. चांगली सिस्टर मागितलेलं देते असं नाही, पुढची पायरी तिला आधीच ठाऊक असते. मागणी तोंडातून निघायच्या आत वस्तू हातात. तबल्याची साथ करणाऱ्यालाही समेचं भान असंच ठेवावं लागतं.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो आहे मोजणीचा.

पोट उघडलं की रक्त टिपायला कापसाच्या कापडाच्या घड्या लागतात. लहान ते गॉज, मोठे ते मॉप. रक्तानं भिजलेला मॉप पोटात आतड्यांच्या आडोशाला गेला की त्याचा रंग, ओल, मऊपणा सगळं आतल्या अवयवांसारखंच होतं. डोळ्यांना सापडत नाही. म्हणून मोजायचं. सुरुवातीला दोघींनी मिळून, मोठ्यानं, प्रत्येक नग वेगळा करून बघत. आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. मध्ये वाढीव पुडकं उघडलं की त्याची भर. पोटाची आतली पिशवी शिवायच्या आधी पुन्हा. कातडी शिवायच्या आधी पुन्हा. सुया मोजायच्या, हत्यारं मोजायची. वापरलेले मॉप पायाशी मेणकापडावर पाच-पाचच्या ओळीत मांडून ठेवायचे. आकडा जुळेपर्यंत थिएटरातून कचऱ्याची बादलीसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही. जुळला की सिस्टर म्हणते, 'काउंट करेक्ट, सर.' मग टाके.

काही वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, वरचा मी जागा होतो. छातीपाशी हिरव्या कापडाचा पडदा, पलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. शेवटी मोजणी सुरू झाली. दोन बायकांचे आवाज, एक टेबलापासून, एक जमिनीजवळून. सात, आठ, नऊ. आणि मग काही नाही. दहावा आकडा आला नाही. डॉक्टर म्हणाले, 'अहो सिस्टर, एवढ्याशा जखमेत कुठे जाणारे, बघा तिथेच असेल.' सिस्टर म्हणाल्या, 'सर, थांबा.' एवढंच. आवाज चढलेला नव्हता. डॉक्टर थांबले. मी तस्बीहचे मणी ओढतो, नामस्मरण करणारा जपमाळ ओढतो, एखादा मणी निसटला तर अल्ला काही हिशेब मागत नाही. पण त्या चार-पाच मिनिटांत नऊ आणि दहा यांच्यामधली जागा केवढी असते ते मला कळलं. गॉज सापडला बादलीत, दुसऱ्या गॉजच्या घडीला चिकटून. 'दहा. काउंट करेक्ट, सर.' त्या सिस्टरचा चेहरा मी पाहिलेला नाही.

सापडला नसता तर? आधी जखमेत हात घालून शोधतात. मग कापडांच्या घड्या, जमीन, लोकांच्या चपलांचे तळवे. तरीही नाही, तर टेबलावरच एक्स-रे. यासाठी चांगल्या मॉपमध्ये एक खास धागा विणलेला असतो, तो एक्स-रेमध्ये पांढऱ्या वळवळीसारखा दिसतो. साध्या बाजारी कापडात तो धागा नसतो, आणि मग एक्स-रे काढूनही उपयोग नाही. चार पैसे वाचवायला बिनधाग्याचं कापड घेणाऱ्या दवाखान्यात सिस्टरच्या तोंडी मोजणीशिवाय दुसरं काही राखण करत नाही. राहून गेलेला मॉप पुढे महिनेच्या महिने पोटदुखी, ताप, पू असा बोलत राहतो आणि शेवटी दुसरं ऑपरेशन करून काढावा लागतो.

अतुल गवांदे हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. विदर्भातल्या उटी गावातून अमेरिकेला गेलेल्या डॉ. आत्माराम गवांदे यांचा हा मुलगा, बोस्टनला सर्जन आणि लेखक. २००३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात वस्तू राहून गेलेल्या ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ६१ वस्तूंपैकी दोनतृतीयांशाहून जास्त कापडच होतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा अचानक कराव्या लागलेल्या ऑपरेशनमध्ये हा धोका नऊ पट, आणि मध्येच बेत बदलावा लागला तर चार पट. पण मला हादरवणारा आकडा निराळा आहे. जिथे मोजणी झाली होती, तिथे १०० पैकी ८८ वेळा ती बरोबर आली अशीच नोंद होती. म्हणजे वहीत 'करेक्ट' आणि पोटात मॉप. थकलेल्या माणसाच्या डोळ्यांना जो आकडा हवा असतो तो दिसतो. दोन चिकटलेले मॉप एक वाटतात, एकच दोनदा मोजला जातो. म्हणून दोघींनी, मोठ्यानं, वेगळं करून.

याच गवांदे यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी एका पानाची यादी केली. एकोणीस मुद्दे. भूल देण्याआधी, चाकू लावण्याआधी, आणि पेशंट बाहेर जाण्याआधी थांबून मोठ्यानं वाचायचे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आले, गंभीर त्रास ११ टक्क्यांवरून ७ वर. यादीतला एक मुद्दा मला फार आवडला. चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. वाटतं, हा काय पोरखेळ. पण ज्याला आपलं नाव उच्चारायची संधी मिळाली तो पुढे काही खटकलं तर बोलतो, असा त्यामागचा विचार. आपल्या थिएटरांत सर, सिस्टर, मामा, मावशी यांच्यावर भागतं. ही नाती गोड आहेत, मी त्यांच्या विरुद्ध नाही. पण एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीनं तीस वर्षांच्या अनुभवाच्या सर्जनला 'सर, थांबा' म्हणायचं असेल, तर त्या 'सर' शब्दात पाय अडकतो. जुन्या, खमक्या सिस्टरचं तसं नसतं. तिला सर्जनही थोडे बिचकून असतात, आणि तिथले पेशंट त्या मानानं सुखी.

आता अवघड गोष्ट. आपला जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरातल्या बाळंतिणीला नगर शंभर-सव्वाशे किलोमीटर. साहजिकच श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, शेवगाव अशा गावांतल्या खासगी दवाखान्यांत रोज ऑपरेशनं होतात, आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण त्यांतल्या कितीतरी ठिकाणी टेबलाशी उभी असलेली मुलगी नर्सिंग शिकलेली नसते. दहावी-बारावी झालेली, गावातली, बघून बघून शिकलेली. हातानं चलाख असते, कधीकधी पदवीवालीपेक्षाही. कायदा म्हणतो शिकलेली, नोंदणी झालेली परिचारिका हवी. तिला पगार जास्त द्यावा लागतो, आणि शिकलेली मुलगी पुण्या-मुंबईला, आखातात, इंग्लंडला निघून जाते. मुलीचा यात दोष नाही. पण मोजणी दोघींनी करायची असते आणि इथे ती एकटीच असते, स्क्रबही तीच, फ्लोअरही तीच. एकटीनं मोजलेल्या आकड्याला साक्षीदार नसतो. शिवाय जिची नोकरी डॉक्टरांच्या मर्जीवर आहे, कागद नाही, नोंदणी नाही, ती 'थांबा' कोणत्या बळावर म्हणेल? आपण दवाखाना निवडताना एसी खोली आहे का विचारतो. 'मोजायला दोघीजणी असतात का' हे विचारणारा नातेवाईक मी अजून पाहिलेला नाही.

ग्रामीण रुग्णालयांतही निराळं चित्र नसतं. तीस खाटा, आणि तीच सिस्टर सकाळी वॉर्डात, दुपारी बाळंतपणाच्या खोलीत, रात्री थिएटरात. हिवाळ्यातली कुटुंबनियोजनाची शिबिरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवत असेल, व्हरांड्यात ओळीनं निजवलेल्या बायका. दुर्बिणीनं होणारं ते ऑपरेशन काही मिनिटांचं, पण दुर्बीण पुढच्या बाईसाठी वापरण्याआधी औषधात वीस मिनिटं बुडवून ठेवावी लागते. ती वीस मिनिटं सिस्टरच्या मनगटावरच्या घड्याळात असतात. म्हणून सरकारचा नियम आहे की तीन दुर्बिणी असतील तर एका पथकानं दिवसात तीसच ऑपरेशनं करायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच डॉक्टरनं काही तासांत ८३ केली. त्या आठवड्यात डझनाहून अधिक बायका मेल्या. औषधांवर संशय घेतला गेला, स्वच्छतेवर घेतला गेला, खटले झाले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. त्या घाईत घड्याळ दाखवून कुणी थांबवू शकलं नाही, एवढं तरी ८३ या आकड्यावरूनच दिसतं.

सिस्टरच्या शरीराचं काय होतं तेही सांगायला हवं. पाच-सहा तास एका जागी उभं राहून पायांच्या शिरा फुगतात. लघवी रोखून धरायची सवय होते, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. डबा चार वाजता उघडतो. सुई टोचण्याची भीती कायमची. कावीळ ब ची लस निघाली आहे, एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं, कावीळ क ला लस नाही. हाडांच्या ऑपरेशनमध्ये एक्स-रेचं यंत्र चालू असतं, तेव्हा अंगावर शिशाचा जड ॲप्रन. आणि रात्रीचा फोन. सिझर असेल तर मिनिटं मोजायची असतात. बाळाचे ठोके उतरले की अर्ध्या तासात ते बाहेर यायला हवं असं शास्त्र सांगतं, आणि त्या अर्ध्या तासात सिस्टरनं घरातून निघून, कपडे बदलून, हात धुऊन, ट्रॉली लावून, मॉपसुद्धा मोजलेले असतात. ईद असो, दिवाळी असो. एका सिस्टरनं मला सांगितलं, 'पुरणाचा गॅस बंद करायचं मुलाला दारातूनच सांगून निघाले.' मी विचारलं, मग? 'मग काय, मुलगी झाली. तीन किलोची.' पुरणाचं काय झालं ते त्या बोलल्या नाहीत.

यादीतली शेवटची केस संपते तेव्हा डॉक्टर चहाला गेलेले असतात. इथून पुढचा तास पुन्हा सिस्टर आणि मावशींचा. हत्यारांची बिजागरं उघडून, दात्यांतलं रक्त ब्रशनं काढायचं, वाळलं तर निघत नाही. पुसून, तेल देऊन, संच लावायचे: सिझरचा, हर्नियाचा, मोठ्या पोटाचा. प्रत्येक संचात आत एक चिठ्ठी, कोणतं हत्यार किती. ड्रम भरायचे, हलक्या हातानं. रजिस्टरमध्ये नाव, वय, ऑपरेशन, वेळ, मोजणी, दोन सह्या. रात्रीसाठी सिझरचा एक संच दाराजवळच्या ट्रॉलीवर वेगळा काढून ठेवायचा, त्याच्या चिकटपट्टीच्या रेघा काळ्या झाल्यात ना ते दिव्याखाली धरून बघायचं, आणि तारीख घालायची.